दिवेआगर की गुहागर? (मधली फेरीबोट धरून)

सुमेधा_ठाणे
नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घरच्यांना घेऊन समुद्राकाठी तीन रात्री राहायचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलगा (नववीत, मोबाईलसकट), सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. वय ७९, गुडघे कुरकुरतात, पण काठी घेत नाहीत. निघायचं ठाण्याहून, स्वतःच्या गाडीने.

अप्पांची एकच अट आहे. वाटेत गाडी बोटीत चढली पाहिजे. का, ते सांगत नाहीत. "बोट असेल तर येतो, नाहीतर तुम्ही जाऊन या."

म्हणून दोन पर्याय उरलेत.
एक, दिवेआगर : भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मांडवा, मग रेवदंडा, मुरूड, आगरदांडा आणि तिथून फेरीने दिघी. म्हणजे बोटी दोन.
दुसरा, गुहागर : दापोलीवरून दाभोळ, तिथून फेरीने धोपावे. बोट एक.

अडचण अशी की सासूबाईंना बोट लागते. गाडीही लागते, पण बोट जास्त. दोन्हीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा, काय निवडू?

निवांत
दिवेआगर. डोळे मिटून. सपाट किनारा, गुडघ्यांना त्रास नाही, वाडीत घरगुती राहायची सोय. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, उकडीचे मोदक मिळतील. मिटला प्रश्न.

गावठी_इंजिनिअर
निवांतराव, मिटला कसा? दिवेआगरला जायला बोटीची गरजच नाही. माणगावहून साई, म्हसळा करत सरळ रस्ता आहे. पुण्याचे लोक ताम्हिणी उतरून तसेच येतात आणि बोटीचं तोंडही बघत नाहीत. तसं पाहिलं तर गुहागरलाही गरज नाही, चिपळूणवरून ४५ किलोमीटर. दोन्हीकडची बोट हौसेची आहे, हे आधी मान्य करू आणि मग बोलू.

सुमेधा_ठाणे
मान्य. हौस अप्पांची आहे, पेट्रोल आमचं.

केवडा
आम्ही मागच्या डिसेंबरात पहिल्या मार्गाने दिवेआगरला गेलो होतो. रो-रो सुरेख आहे. एवढी मोठी बोट, खाली गाड्या, वर बसायला जागा. मांडव्याला पोचायला साधारण तासभर. पोरांनी चिवडा, वेफर्स उडवून समुद्रपक्ष्यांचा थवा मागे लावून घेतला. (हे करू नका. मी माझ्याच पोराला दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा नवऱ्याला.) तिकीट गाडीच्या आकारावर असतं, आधी ऑनलाइन काढून वेळेच्या बरंच आधी धक्क्यावर पोचा.

खरा जीव जातो तो मांडवा ते आगरदांडा. अंतर पाऊणशे किलोमीटरच, पण अलिबागची गर्दी, चौलचे अरुंद रस्ते, काशीदला आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. आम्हाला तीन तास लागले. आगरदांड्याला पोचलो तर जंगलजेट्टी (म्हणजे दिघीची फेरीबोट) डोळ्यांदेखत सुटलेली. मग तासभर उन्हात. दोन बोटी म्हणजे वेळापत्रकं दोन, आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत.

बाष्कळ
जंगलजेट्टीला जंगलजेट्टी का म्हणतात? ना जंगल, ना जेट्टी.

केवडा
@बाष्कळ, जेट्टी आहे. जंगल तुम्ही रांगेत उभे राहिलात की दिसतं.

खाडीकाठचा
आमचं गाव दाभोळच्या अलीकडे. दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी पलीकडच्या काठावरचं लग्न म्हणजे माणसं लाँचने आणि गाडी असलीच तर खेड-चिपळूण फिरून, शंभर किलोमीटरच्या वर. आता दहा मिनिटांत पलीकडे. मग तसल्याच फेऱ्या पुढे वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी अशा सगळीकडे आल्या. तुम्हा पर्यटकांसाठी ती हौस असेल, आमच्याकडे त्याच बोटीत दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, ॲम्ब्युलन्स आणि वऱ्हाड एकत्र असतं. 'गरज नाही' असं ठोकून देताना एवढं लक्षात असू द्या.

सासूबाईंची काळजी करू नका. ही वाशिष्ठीची खाडी आहे, खुला समुद्र नाही. पाणी लागेपर्यंत बोट पलीकडे टेकलेली असते.

गावठी_इंजिनिअर
@खाडीकाठचा, चूक झाली. गरज नाही ती ठाण्याहून येणाऱ्याला, असं म्हणायचं होतं.

मुक्काम_पोस्ट
बोट नाही हो लागत. दापोली ते दाभोळ रस्ता लागतो! वळणं मोजायला घेतली होती, चाळिसाव्याला बायकोने काच खाली करायला सांगितली. सासूबाईंना आवळासुपारी, लिंबू, रिकामी पिशवी आणि पुढची सीट.

सिअ‍ॅटलची_सई
आमच्याकडे सिअ‍ॅटलहून बेनब्रिज बेटावर फेरी जाते, ३५ मिनिटं. गाडी आत, वर कॉफी, मागे शहराचे मनोरे, सगळं घड्याळावर. दर वेळी मला आगरदांड्याचीच आठवण येते.

बाष्कळ
सईताई, कॉफी बघून की घड्याळ बघून?

सिअ‍ॅटलची_सई
फेरी चुकल्यावर नवऱ्याचं तोंड बघून. ते दोन्ही खंडांत सारखंच असतं.

पाटीवाला_पुणे
मूळ प्रश्नाकडे या. कोणता मुरूड, ते स्पष्ट लिहीत चला. एक मुरूड-जंजिरा, रायगड जिल्ह्यात, दिवेआगरच्या वाटेवरचा. दुसरा हर्णैजवळचा, दापोली तालुक्यात, महर्षी कर्व्यांचा. आमच्या एका नातेवाइकांनी खोली या मुरूडला घेतली आणि गाडी त्या मुरूडला नेली. रात्री साडेनऊला खोलीवाल्याला फोन : "तुमच्या गल्लीत आलोय, दिवा लावा." तो बिचारा दिवा लावून अंगणात उभा.

निवांत
हाहाहा. हे घडलेलं नाही.

पाटीवाला_पुणे
घडलेलं आहे. नातेवाईक मीच.

रोठा_सुपारी
दिवेआगरकर बोलतोय, म्हणून थोडं लांब लिहितो.

लोकांना आमचं गाव आठवतं ते सोन्याच्या गणपतीमुळे. १९९७ साली वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत मुखवटा सापडला आणि गावाचं नशीबच पालटलं. घराघरात खोल्या निघाल्या, खानावळी निघाल्या. २०१२ मध्ये दरोडा पडला, मुखवटा गेला, रखवालीवरची दोन माणसं मारली गेली. पर्यटक कमी झाले त्याचं दुःख होतंच, पण ती माणसं गावातली होती. २०२१ च्या नोव्हेंबरात नवा मुखवटा बसला.

त्याच्या आधी वर्ष-दीड वर्ष, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ इथेच किनाऱ्याला लागलं. दुपारपर्यंत आमच्या वाडीत वरचं आभाळ दिसायला लागलं. आमच्या वाडीत आभाळ दिसत नाही, नारळ-पोफळीची छत्रीच असते. सुपारी लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं जातात. आता कुठे नव्या झाडांना शिपुटं दिसायला लागली आहेत. 'पूर्वीसारखी सावली राहिली नाही' असं तारे कमी करत लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तेव्हा या, जरूर या. पण सुमेधाताई, खरं सांगू? ७९ वर्षांच्या माणसाला दोन बोटी आणि मधला तो रस्ता नका करू. बोटीची हौस फेडायचीच तर माणगाववरून आमच्याकडे या आणि इथून दिघीला जाऊन पायीच फेरीत बसा, पलीकडे चहा प्या, परत या. माणसाचं तिकीट किरकोळ असतं.

चुलीवरचा_भात
@रोठा_सुपारी, दंडवत. आणि दिवेआगर-श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता कोणी सांगितलाच नाही! उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मधे फक्त रस्ता. पुढे हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणा मात्र ओहोटी असेल तरच, आणि अप्पांना नकोच. कातळावर शेवाळ असतं, लाटेचा भरवसा नाही.

निवांत
ओहोटी कधी हे कसं कळणार? ॲप आहे का?

खाडीकाठचा
ॲप कशाला, कालनिर्णय बघा. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी वरपर्यंत येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा भरती मवाळ.

निवांत
मी इतकी वर्षं कोकणात जातोय आणि हे आज कळतंय. पाव किलो आदर.

गणित_कच्चं
तृतीया. तीन गुणिले पाऊण… सव्वादोन. बरोबर?

खाडीकाठचा
बरोबर. नाव बदला.

सुमेधा_ठाणे
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना खाडी-समुद्र फरक समजावला. त्या म्हणाल्या, "पाणी ते पाणी." यजमान दिवेआगरच्या बाजूने आहेत (मोदक). मुलगा 'जिथे रेंज असेल तिथे'. बोटीबद्दल विचारलं की अप्पा पेपर वर करतात.

बाष्कळ
बोट लागण्याची एवढी भीती असेल तर घरच्यांना रामदास बोटीची गोष्ट सांगू नका म्हणजे झालं.

केवडा
बाष्कळ, आयडी सार्थ केलात. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर सहाशेवर माणसं गेली त्यात. आमच्या आजीचा भाऊ होता. ऐन पावसाळ्यातली, खच्चून भरलेली बोट ती. आजच्या रो-रोशी काय संबंध?

बाष्कळ
माफ करा. खरंच माफ करा.

खलाशी_७२
सहसा नुसता वाचतो, आज लिहितो. सुमेधा, तुझे सासरे ७९ चे म्हणजे माझ्याहून सात वर्षांनी मोठे. त्यांना कोकणबोट आठवत असणार. एकदा विचारून बघ.

आम्ही गिरगावातले. शाळा सुटली की भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. डेकवर जागा धरायची तर घरातला एक जण वळकटी घेऊन आधी पुढे पळायचा. सतरंजी पसरली की ते आपलं राज्य. रात्री खालून इंजिनाची धडधड पाठीला जाणवायची आणि वाऱ्यावर कोळशा-तेलाचा, सुक्या बोंबलांचा आणि कोणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास. हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत बोट खाली जायची. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हताच. बोट आत खोल पाण्यात उभी राहायची, भोंगा व्हायचा आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, निघायचे. शिडीवरून त्या हलत्या पडावात उतरायचं. खलाशी पोरांना बखोटीला धरून एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचे, पार्सल दिल्यासारखे. माझी आई डोळे मिटून उतरायची. मी कधीच मिटले नाहीत.

पावसाळ्यात बोट बंद. नारळी पौर्णिमा झाली की चाकरमानी पुन्हा तारखा बघायला लागायचे. नंतर रस्ते झाले, एस्ट्या झाल्या, बोट गेली. आता पोरं म्हणतात कोकणात बोटीने जायची नवी सोय झाली. नवी!

केवडा
काका, अजून लिहा ना.

खलाशी_७२
चष्मा बदलायला टाकलाय. हे सुनेने टंकलंय.

सुमेधा_ठाणे
मंडळी, ऐका. खलाशीकाकांचं लिहिलेलं काल जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. 'पार्सल दिल्यासारखे' इथे आल्यावर अप्पांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "दाभोळला. मला दाभोळला असंच उतरवायचे."

आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली आणि मला आत्ता कळतंय की अप्पांचं आजोळ गुहागरजवळ पालशेतला होतं. दाभोळला पडावातून उतरायचं, छोट्या लाँचने पलीकडे वेलदूरला, आणि तिथून मामाची बैलगाडी. मामा गेले, घर विकलं गेलं, नंतर जायला कारणच उरलं नाही. सासूबाईंनाही आजोळ माहीत होतं, बोट माहीत नव्हती. त्यांनी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?" तर म्हणे, "तुम्हाला दिवेआगरला जायचं असेल तर?"

गावठी_इंजिनिअर
मिटला प्रश्न. या वेळी खरंच.

पाटीवाला_पुणे
आणि कुलदैवत व्याडेश्वर असेल तर तो गुहागरच्या बाजारपेठेतच बसलाय, वेगळी वाट वाकडी करायला नको. विचारून घ्या.

सुमेधा_ठाणे
व्याडेश्वरच! हे मात्र मला माहीत होतं. पूजेला मनीऑर्डर जाते दर वर्षी.

निवांत
मी माझं दिवेआगर मागे घेतो. येवा कोकण आपलाच आसा!

खाडीकाठचा
निवांत, ते मालवणी. गुहागरात असं म्हणालात तर लोक तुम्हाला मालवणच्या एस्टीत बसवून देतील.

आता कामाचं. जाताना हायवेने चिपळूणपर्यंत जा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा त्रास वाचलाय, माणगावची कोंडी मात्र जागेवरच आहे, पहाटे निघा. चिपळूणहून गुहागर. म्हणजे सासूबाईंना वळणं कमी. फेरी येताना घ्या किंवा मधल्या एका दिवशी नुसतेच दाभोळला जाऊन या. तिथे खाडीकाठी दगडी शाही मशीद आहे, लोक अंडा मशीद म्हणतात, ती बघा. चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळही आहे, पण आत वाकून जावं लागतं, गुडघे बघून ठरवा. गाडी फेरीवर चढवताना मला रिव्हर्स घ्यायला लावली होती एकदा. हात पक्का असलेल्यालाच चालवायला द्या.

चुलीवरचा_भात
हेदवीचा दशभुज गणपती आणि बामणघळ चुकवू नका. घळीत भरतीचं पाणी घुसलं की कारंज्यासारखं वर उडतं. वेळ पाऊणपटीने काढा आणि कडेपासून लांब उभे राहा, सेल्फी नंतर.

रोठा_सुपारी
गिऱ्हाईक गेलं म्हणून वाईट वाटलं नाही, हे लिहायला आलो. पुढच्या वर्षी या. मोदक राखून ठेवतो.

सुमेधा_ठाणे (तीन आठवड्यांनी)
वृत्तांत देते असं कबूल केलं होतं.

पहाटे साडेचारला निघालो. माणगावला तरीही पाऊण तास गेला, त्यावर नवीन काही लिहिण्यासारखं नाही. गुहागरला दुपारी जेवायलाच पोचलो. खोली वाडीतच होती, मागचं दार उघडलं की सुरूची झाडं आणि पलीकडे समुद्र. खोलीवाल्यांनी गरम पाणी 'चोवीस तास' सांगितलं होतं, प्रत्यक्षात सकाळी सात ते साडेसात. केळफुलाची भाजी आणि डाळिंब्यांची उसळ मात्र अशी, की यजमानांनी मोदकांचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. सव्वाचारला बामणघळीपाशी उभे होतो आणि साडेचारच्या आतबाहेर पाणी असं उसळलं की आमच्या नववीतल्याने मोबाईल खिशात ठेवला. भिजेल म्हणून ठेवला, पण ठेवला. खाडीकाठचा यांना साष्टांग.

तिसऱ्या दिवशी पालशेत. घर नाही, तिथे आता दुमजली बंगला आहे. अप्पा फाटकाशी उभे राहिले, विहीर आहे तिथेच आहे म्हणाले आणि वळले. आत बोलावत होते ते लोक, गेले नाहीत.

मग धोपाव्याला गेलो. रोठा_सुपारी यांचं ऐकून गाडी काठावर ठेवली आणि पायीच बसलो. सासूबाई पिशवी मुठीत धरून. अप्पा कठड्याला टेकून मधल्या पाण्याकडे हात करून दाखवत होते : "तिथे उभी राहायची." दाभोळला उतरलो, चहा प्यायलो, परत बसलो. धोपाव्याला टेकल्यावर सगळे उतरले, अप्पा उतरलेच नाहीत. "तुम्ही बसा गाडीत, मी एक फेरी मारून येतो."

मुलगा त्यांच्याबरोबर गेला. त्या एका फेरीच्या तीन झाल्या. तिसऱ्या वेळी तिकीटवाल्याने पैसे घेतले नाहीत.

सासूबाईंना बोट लागली नाही. येताना दापोलीच्या रस्त्यावर मला लागली.

मुक्काम_पोस्ट
कितव्या वळणाला?

सुमेधा_ठाणे
सतराव्या.

खलाशी_७२
सुमेधा, अप्पांना विचार, ते डोळे मिटून उतरायचे की उघडे ठेवून?

सुमेधा_ठाणे
विचारलं काका. म्हणाले, "मिटून. पण आईला सांगितलं उघडे होते."